सलूनचा महाग शाम्पू घ्यायचा की नाही, हे ठरवायचं कसं

केस कापून झाले, ड्रायर बंद झाला, मागे छोटा आरसा धरून मानेवरची कड दाखवून झाली. केस असे काही सुटसुटीत पडलेत की हात पुन्हा पुन्हा तिकडेच जातोय. नेमकं तेव्हाच कुणीतरी विचारतं, "घरी काय वापरता?" आपण नाव सांगतो आणि समोरच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसते. पाच मिनिटांनी आपल्या हातात दोन बाटल्या आणि केसांच्या मास्कची एक डबी असते.

मी हे कितीतरी वर्षं केलं. माझे केस बारीक आहेत आणि मी ते कधीच रंगवलेले नाहीत. तरी मी आठवड्यातून दोनदा एक जाडसर, सुरेख वासाचा, भरपूर महाग मास्क लावत होते. केस डोक्याला चापून बसायचे, दुसऱ्याच दिवशी चिकट दिसायचे. मला वाटायचं मास्क कमी पडतोय, म्हणून मी अजून थोडा लावायचे. माझी मामेबहीण सलूनमध्ये काम करते. तिने एकदा बेसिनवर माझे केस धुताना विचारलं, "ताई, हा मास्क ब्लीच केलेल्या केसांसाठी असतो. तुझ्या केसांना तर काहीच झालेलं नाही. तू कशाला लावतेस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डबीवर 'खराब झालेल्या केसांसाठी' असं लिहिलेलं होतं आणि माझे केस खराब आहेत असं मी कधी, कुणाच्या सांगण्यावरून मानून घेतलं होतं, तेही मला आठवेना.

तेव्हापासून मी खरेदीचा क्रम उलटा केला: आधी केस तपासायचे आणि मग बाटली. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांसाठी तोच क्रम इथे सांगते. घाईत असाल तर एवढं धरून चाला: केसांवर रंग, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग काहीही झालेलं नसेल, तर शाम्पूसाठी जास्त पैसे मोजायची गरज सहसा पडत नाही. झालेलं असेल, तर काही वस्तूंवरचा खर्च खरोखर सार्थकी लागतो. त्या यादीतही शाम्पू सगळ्यात शेवटी येतो.

पायरी १: आपल्या केसांचं वय काढा

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. टेप घ्या आणि एक बट मुळापासून टोकापर्यंत मोजा. ३६ सेंमी भरली तर तुमच्या केसांची टोकं तीन वर्षांची आहेत. आता त्या तीन वर्षांत काय काय झालं ते कागदावर लिहा. रंग किती वेळा लावला? ब्लीच झालं का? स्ट्रेटनर रोज फिरवता का? क्लोरीनच्या पाण्यात पोहता का? नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे का? ही यादी कुठल्याही विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

केसाचा जिवंत भाग त्वचेच्या आत असतो. बाहेर दिसतो तो केराटिन या प्रथिनाचा निर्जीव धागा. त्याच्यावर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात आणि खवल्यांवर एक अगदी पातळ स्निग्ध थर. पाणी बाहेर ठेवायचं आणि केसाला केस घासू द्यायचा नाही, ही त्या थराची कामं. ब्लीच आणि अमोनियाच्या जातीचे तीव्र अल्कधर्मी रंग हाच थर काढून टाकतात, आणि एकदा गेला की त्या केसावर तो पुन्हा तयार होत नाही. मग केस पाणी भराभर शोषतो, फुगतो, गुंततो आणि विंचरताना तुटतो. सुती कापड विरलं तर ते धुऊन पुन्हा दाट होत नाही, तसंच हे. म्हणून 'केस बरे करतो' असं लिहिलेली बाटली दिसली की मनात 'केसावर लेप देतो' असं वाचायचं. लेप काही वाईट नसतो. फक्त तो लेप आहे हे माहीत असावं.

आता एक छोटी तपासणी. केस धुतल्यावर कंगव्यात आलेला एक लांब केस घ्या. तो ओला असतानाच दोन्ही टोकं चिमटीत धरून हळू ताणा. धडधाकट ओला केस जवळपास तीस टक्के ताणला जातो आणि सोडला की परत येतो. ब्लीचने मोडलेला केस च्युइंगमसारखा लांबत जातो, परत येत नाही आणि तुटतो. मुळाकडचा भाग आणि टोकाकडचा भाग वेगवेगळा ताणून बघा. बहुतेकांच्या बाबतीत फरक तिथेच कळतो: मूळ ठणठणीत, टोक थकलेलं. पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो तरंगतो की बुडतो हे बघायची पद्धत मात्र सोडून द्या. केसावर थोडं तेल किंवा कंडिशनर उरलं असेल तरी तो तरंगतो.

पायरी २: त्या दिवशी काहीच विकत घेऊ नका

ही पायरी सोपी, पण खुर्चीत बसल्यावर पाळायला अवघड.

सलूनमधून उठताना केस जसे दिसतात, त्यात शाम्पूचा वाटा थोडा आणि हातांचा खूप असतो. केस ओढून धरून, गोल ब्रशवर घेऊन, मुळाकडून टोकाकडे गरम हवा मारली की खवले सपाट बसतात आणि उजेड एकसारखा परावर्तित होतो. त्यालाच आपण चमक म्हणतो. त्याआधी बेसिनवर कुणीतरी केस दोनदा धुतलेले असतात, दोन-तीन मिनिटं नीट खळबळलेले असतात. नुकतीच कापलेली टोकं सरळ असतात, आणि शेवटी सीरमचे दोन थेंबही लागलेले असतात. घरी आपण घाईत एकदा फेस काढतो, अर्धवट खळबळतो, टॉवेलने खसाखसा पुसतो, आणि मग म्हणतो की तो शाम्पू तिथे काय छान चालला होता.

म्हणून त्या दिवशी बाटलीचा फोटो काढा आणि घरी या. पुढच्या वेळी घरचाच शाम्पू वापरून सलूनच्या पद्धतीने धुवा: फेस फक्त डोक्याच्या त्वचेवर चोळा, लांबीवर नुसता तो वाहू द्या, खूप वेळ खळबळा, कंडिशनर कानाच्या खाली लावा आणि रुंद दातांच्या कंगव्याने पसरवा. टॉवेलने घासू नका, दाबून पाणी टिपा. कितीतरी जणांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो, तोही फुकटात.

सलूनमध्ये शेवटी एक प्रश्न मात्र जरूर विचारून या: "माझ्या केसांत तुम्हाला नेमकं काय दिसतंय?" चांगला कारागीर बट उचलून दाखवतो, कुठे तुटलंय, कुठे राठ झालंय, कुठे काहीच झालेलं नाही. त्याचे शेकडो डोक्यांवर तयार झालेले डोळे खरंच मोलाचे असतात. उत्तरात केसांऐवजी फक्त उत्पादनाचं नाव आलं, तर काय समजायचं ते समजा. बहीण सांगते की बऱ्याच ठिकाणी बाटल्या विकण्याचं टार्गेट असतं आणि विक्रीवर कमिशनही. त्यामुळे प्रत्येक सल्ला खोटा ठरत नाही, पण त्याचा काही भाग पगारासाठी दिलेला असतो हे ध्यानात ठेवावं.

पायरी ३: बाटली उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा

लेख घाईघाईत वाचत असाल तर इथे मात्र थांबा, कारण पैसे वाचतात ते इथेच.

बहुतेक देशांत घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं. एक टक्क्यापर्यंत हा क्रम पाळायचा, त्याखालचे घटक कसेही मांडले तरी चालतात. ही एक टक्क्याची रेघ यादीत छापलेली नसते, पण ती शोधायची एक युक्ती आहे. फिनॉक्सिइथेनॉल नावाचं परिरक्षक (उत्पादन खराब होऊ नये म्हणून घातलेलं द्रव्य) खूप उत्पादनांत असतं आणि युरोपच्या नियमांप्रमाणे ते एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. त्या नावाच्या नंतर जे काही येतं, ते एक टक्क्याहून कमी. पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत मिरवणारं दुर्मीळ फुलांचं तेल, मोत्यांचा अर्क, रेशमाचं प्रथिन हे बरेचदा या रेघेखाली सापडतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दुकानात उभ्या उभ्या चार बाटल्या उलट्या करून बघितल्या. चारही ठिकाणी अर्क सुगंधाच्या मागे होता.

शाम्पूत पहिलं नाव पाण्याचं. शाम्पूचा बहुतांश भाग पाणीच असतो, महाग असो वा स्वस्त. त्यापुढची दोन-तीन नावं मळ काढणाऱ्या द्रव्यांची, आणि शाम्पूचा खरा स्वभाव तीच सांगतात. सोडियम लॉरिल सल्फेट जोरात साफ करतं. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य. सोबत कोकामिडोप्रोपिल बिटेन असेल तर मिश्रण आणखी मवाळ होतं. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट आणि डेसिल ग्लुकोसाइड हे त्याहूनही मऊ गटातले. आता एक गंमत बघा. 'सल्फेट-फ्री' लिहिलेल्या काही महाग शाम्पूंत सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट असतं. रसायनशास्त्राच्या भाषेत ते सल्फेट नाही, त्यामुळे लेबल खोटं ठरत नाही, पण साफ करण्यात ते चांगलंच कडक असू शकतं. तेव्हा 'काय नाही' याची यादी वाचण्यापेक्षा 'काय आहे' हे वाचा.

कंडिशनरची यादी तर आणखी बोलकी. पाणी, मग सेटिअरिल किंवा सेटिल अल्कोहोल, मग बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड, मग एखादं सिलिकोन, मग सुगंध. यातल्या 'अल्कोहोल' शब्दाने घाबरू नका. सेटिल अल्कोहोल मेणासारखं असतं, केस कोरडे करत नाही. ट्रायमोनियमच्या घराण्यातले घटक धन प्रभाराचे असतात. खराब झालेल्या केसावर ऋण प्रभार जास्त असतो, म्हणून ते जिथे गरज जास्त तिथे जास्त चिकटतात. कंडिशनरचं मुख्य काम हेच. आणि हा सांगाडा सर्वांत स्वस्त बाटलीपासून सर्वांत महाग बाटलीपर्यंत जवळपास एकच असतो. दोन बाटल्यांची पहिली पाच नावं त्याच क्रमाने जुळली, तर जास्तीचे पैसे बहुधा सुगंध, पोत आणि काचेसारख्या दिसणाऱ्या डबीचे आहेत असं मी धरून चालते.

सिलिकोनबद्दल उगाच भीती आहे. डायमेथिकोन केसावर पातळ थर देतं, घर्षण कमी करतं, चमक आणतं, आणि नेहमीच्या शाम्पूने त्याचा मोठा भाग निघतो. अमोडायमेथिकोन तर मुख्यतः खराब झालेल्या जागीच धरून राहतं. माझ्यासारख्या बारीक केसांवर त्याचा भार होतो, राठ किंवा ब्लीच केलेल्या केसांना तेच वरदान वाटतं. घटक तोच, डोकं वेगळं.

'प्रोफेशनल' या शब्दाचंही तेच. बाटली कुठे विकली जाते एवढंच तो सांगतो, आत काय आहे ते नाही. बाजारातल्या आणि सलूनमधल्या मांडणीवरची नावं एकाच घराण्यातली असतात हे कित्येकांना ठाऊक नसतं. लॉरिअलकडे दुकानातलं गार्निए आहे, तसेच सलूनमधले केरास्तास, रेडकेन आणि मॅट्रिक्सही आहेत. श्वार्झकोफ सलूनसाठी वेगळं, दुकानांसाठी वेगळं उत्पादन काढतं, दोन्ही हेंकेल या एकाच कंपनीची. सगळ्या बाटल्यांत एकच द्रव भरतात असा याचा अर्थ नाही. पण रसायनशास्त्राचं ज्ञान दोन्हीकडे पोचलेलं असतं, एवढा अर्थ नक्की काढता येतो.

सलूनच्या बाजूने एक खरा मुद्दा सांगायलाच हवा: पीएच, म्हणजे आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा (सातच्या खाली आम्ल, वर अल्क). डोक्याच्या त्वचेचा पीएच साडेपाचच्या आसपास असतो आणि केसाचा त्याहून कमी. शाम्पू जितका अल्कधर्मी, तितका केसांवरचा ऋण प्रभार आणि घर्षण वाढतं, केस फुलतात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१४ साली १२३ शाम्पूंचा पीएच मोजून निष्कर्ष छापले, त्यात सलूनच्या शाम्पूंमध्ये आम्लाकडे झुकणाऱ्यांचं प्रमाण सर्वसाधारण शाम्पूंपेक्षा बरंच जास्त निघालं. यादीवरून पीएच कळत नाही. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या मात्र सहज मिळतात आणि थेंबभर शाम्पूत दहापट पाणी घालून घरच्या घरी बऱ्यापैकी अंदाज घेता येतो. माझा साधा शाम्पू साडेपाचच्या आसपास निघाला तेव्हा मला फार आनंद झाला होता. तुमचा जास्त निघाला तरी त्यामागून लावलेला कंडिशनर आम्लधर्मी असतो आणि तो बरंचसं सावरून घेतो.

पायरी ४: केसावर किती वेळ राहतं, त्यावरून खर्च ठरवा

शाम्पू केसावर मिनिटभर राहतो आणि वाहून जातो. त्यातलं महागातलं महाग प्रथिनही बहुतेक गटारात जातं. कंडिशनर दोन-चार मिनिटं राहतो आणि थोडा मागे उरतो. मास्क दहा मिनिटं. न धुता ठेवायचं क्रीम, सीरम, उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे हे पुढच्या धुण्यापर्यंत केसावर असतात. पैसे वाटायचेच असतील तर याच क्रमाने वाटावेत: वाहून जाणाऱ्यावर कमीत कमी, राहणाऱ्यावर थोडे जास्त. सलूनमध्ये आपण बरोबर उलटं करतो. पहिली घेतो ती शाम्पूची बाटली, आणि सीरमला 'पुढच्या वेळी बघू' म्हणतो.

स्ट्रेटनर रोज वापरत असाल तर कोणत्याही बाटलीपेक्षा त्याच्या तापमानाचा आकडा महत्त्वाचा. १८० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा, आणि ओल्या केसावर तो कधीही टेकवू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच मोडतो.

खोबरेल तेलाचा उल्लेख इथे करायला हवा. ते केसाच्या आत शिरतं आणि धुण्याआधी लावलं तर केसातून होणारी प्रथिनांची गळती कमी होते, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात दिसलं. खनिज तेल आणि सूर्यफुलाच्या तेलाला ते जमलं नव्हतं. धुण्याआधी लांबीवर हलका हात फिरवला तरी पुरतं.

पायरी ५: लेबलवरची किंमत सोडा, एका धुण्याची किंमत काढा

सलूनवाले म्हणतात, "आमचा शाम्पू दाट असतो, कमी लागतो." काही वेळा हे खरं असतं. मोजून बघायला अर्धा मिनिट लागतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, धुण्याआधी बाटलीचं वजन करा, धुतल्यावर पुन्हा करा. असं पाच धुण्यांचं सरासरी वजन काढा. शाम्पूचा एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिली.

मी केलेला हिशेब असा: साध्या शाम्पूचे एका वेळी १२ ग्रॅम जात होते, कारण फेस कमी वाटून मी दुसऱ्यांदा घ्यायचे. सलूनच्या शाम्पूचे ८ ग्रॅम. मिलीमागे सलूनचा शाम्पू पाचपट महाग होता. धुण्यामागे तो सव्वातीनपटीच्या थोडा वर निघाला. फरक घटला, पण संपला नाही. मग मी साध्या शाम्पूची एक सवय बदलली: थेट डोक्यावर ओतण्याऐवजी तळहातावर पाणी घालून पातळ केला आणि डोक्याच्या चार भागांत वाटून लावला. त्याचेही ८ ग्रॅम पुरू लागले, आणि पाचपटीचा फरक जिथल्या तिथे आला.

खरंच सलूनचाच घ्यायचा ठरला तर बेसिनजवळ ठेवलेल्या एक लिटरच्या पंपवाल्या बाटलीबद्दल विचारा. ती बऱ्याचदा ग्राहकालाही विकतात आणि मिलीमागे खूप स्वस्त पडते. ८ मिलीच्या हिशेबाने ती १२५ वेळा पुरते. अर्थात आधी छोट्या बाटलीने चाचणी झाल्यावरच.

पायरी ६: अर्ध्या डोक्याची चाचणी

महाग वस्तूचा वास आणि वजनच आपल्याला पटवून टाकतं. म्हणून डोळे झाकून तुलना करायची. घरातल्या कुणाला तरी दोन सारख्या साध्या बाटल्यांत दोन्ही शाम्पू भरायला सांगा आणि तळाशी खूण करू द्या. तुम्हाला कळता कामा नये. भांग मधोमध पाडा, डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. कंडिशनर दोन्हीकडे एकच. दोन आठवडे असं करा, मग बाजू बदला. बाजू बदलणं महत्त्वाचं आहे, कारण उजव्या हाताने काम करणारे दोन बाजू सारख्या खळबळत नाहीत, आणि ज्या कुशीवर झोपता ती बाजू जास्त गुंतते.

बघायच्या गोष्टी तीन: ओले केस विंचरताना कंगवा कुठे अडतो, दुसऱ्या दिवशी मुळं कशी वाटतात, आणि कंगव्यात काय येतं. कंगव्यातले केस पांढऱ्या कागदावर ठेवा. लांब केस, एका टोकाला बारीक पांढरी गाठ, तर तो आपलं आयुष्य संपवून मुळापासून गळलेला केस. आखूड तुकडा, गाठ नाही, तर तो मोडलेला. बाटलीने फरक पडू शकतो तो मोडलेल्या तुकड्यांत.

मी हे केलं तेव्हा बहिणीने बाटल्या भरल्या होत्या. चार आठवड्यांनी मी छातीठोकपणे सांगितलं की निळ्या खुणेचा सलूनचा आहे. निळ्या खुणेचा साधा निघाला. तिच्या स्वतःच्या केसांवर, जे पूर्ण ब्लीच केलेले आहेत, आम्ही पुढे दोन मास्कची तशीच तुलना केली. तिथे तिने पहिल्याच आठवड्यात सलूनचा ओळखला, नुसता ओला कंगवा फिरवून. दोघींचे निकाल खरे होते.

पायरी ७: जिथे सलूनचं घ्यावंसं वाटेल

ब्लीच झालेले केस हे पहिलं ठिकाण. ब्लीच केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडतं. त्यावर काम करणारी बाँड-बिल्डर, म्हणजे बंध सांधणारी, उत्पादनं २०१४ मध्ये ओलाप्लेक्स हा ब्रँड आल्यापासून सर्वदूर पोचली. ओलाप्लेक्सचे पहिले दोन टप्पे ब्लीच करतानाच सलूनमध्ये होतात, तिसरा घरी. घ्यायचं तर ब्लीचच्या वेळचं घ्या, कारण केस तुटण्याआधीचा उपाय नंतरच्या उपायापेक्षा बरा. कधीही न रंगवलेल्या केसांवर तेच वापरणं म्हणजे न मोडलेल्या हाताला प्लास्टर.

सोनेरी किंवा करड्या केसांत पिवळसर झाक येत असेल तर जांभळा शाम्पू उपयोगी. त्यातला जांभळा रंगकण पिवळ्याला मारतो. आठवड्यातून एकदा पुरे. रंगाच्या गडदपणात ब्रँडनुसार फरक असतो, म्हणून इथे कारागिराला विचारलेलं चांगलं. लावलेला रंग टिकावा म्हणून सल्फेट-फ्री शाम्पू घ्यायला सांगतात, पण रंग उतरवण्यात पाण्याचा स्वतःचा वाटा फार मोठा असतो. आठवड्यातलं एक धुणं कमी करणं आणि पाणी कोमट ठेवणं जास्त कामाचं.

जड पाणी असेल, किंवा पोहत असाल, तर महिन्यातून एक-दोनदा क्षार खेचून काढणारा शाम्पू लागतो. यादीत ईडीटीए हा क्षार धरून ठेवणारा घटक शोधा. असा शाम्पू साध्या दुकानातही मिळतो.

स्ट्रेटनिंग आणि 'केराटिन ट्रीटमेंट'बद्दल मला खरी चिंता वाटते. त्यानंतर लागणारा खास शाम्पू-कंडिशनरचा संच महाग असतो, पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: त्या द्रवात फॉर्मल्डिहाइड किंवा मिथिलीन ग्लायकॉल आहे का? मिथिलीन ग्लायकॉल तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडच बाहेर पडतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या गटात टाकलं. डोळे चुरचुरले तर खुर्चीतून उठा. दिवसभर तिथेच उभ्या असलेल्या मुलींच्या श्वासात ते रोज जातं, याचाही विचार करा.

पायरी ८: जिथे एक पैसाही घालू नये

कोंडा. तो मलासेझिया नावाच्या बुरशीशी निगडित असतो, त्यामुळे सुगंधी 'स्काल्प थेरपी'पेक्षा औषधाच्या दुकानातला किटोकोनाझोल किंवा सेलेनियम सल्फाइड असलेला शाम्पू बरा. फेस तीन ते पाच मिनिटं ठेवा, लगेच धुतलात तर औषधाला वेळच मिळत नाही. झिंक पायरिथिऑनही चालायचं, पण युरोपीय महासंघाने मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी केली आहे.

केस गळणं. दिवसाला ५० ते १०० केस जाणं नेहमीचं आहे. बाळंतपण, मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने जातात आणि आपण दोष देतो नव्या शाम्पूला. शाम्पूतलं बायोटिन हे जीवनसत्त्व डोक्यावरून वाहून जातं. गळती सहा महिने थांबली नाही, भांग रुंद होत चालला, किंवा गोल चकत्या दिसल्या, तर बाटल्यांचे पैसे त्वचारोगतज्ज्ञाच्या फीसाठी ठेवा.

दुभंगलेली टोकं. कात्री.

आणि महाग म्हणजे सौम्य असं धरू नका. अंगावर पुरळ उठवणाऱ्या घटकांत सुगंधी द्रव्यं पुढे आहेत, आणि महाग बाटल्यांत ती सढळ हाताने घातलेली असतात. मान, कपाळाची कड किंवा कानामागे खाज सुटली तर आधी शाम्पूवर संशय घ्या.

पायरी ९: घेताना

सलूनची उत्पादनं बाहेर फार स्वस्त दिसली तर तळाचा बॅच क्रमांक बघा. तो खरवडलेला किंवा पुसलेला असेल तर ती बाटली वळणावळणाने आली आहे. जुनी असेल, पातळ केलेली असेल, बनावटही असेल. उघड्या झाकणाच्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात '१२ एम' असं लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. उघडली त्या दिवशीची तारीख मार्करने बाटलीवर लिहून ठेवा. सर्वांत छोटा आकार आधी घ्या, आणि एका वेळी एकच वस्तू बदला. शाम्पू, कंडिशनर, सीरम तिन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

न मानवलेलं उरलं तर टाकू नका. जड मास्क शाम्पूच्या आधी फक्त टोकांना लावून धुऊन टाकला की पुष्कळदा चालून जातो. माझ्या त्या डबीतला मास्क मी असाच संपवला. कडक शाम्पूने कंगवे आणि ब्रश छान निघतात, कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचे आणि जुन्या टूथब्रशने दातांच्या मुळाशी घासायचं.